हळू बोल, आत्या

साताऱ्याहून ठोसेघर, चाळकेवाडी करत वनकुसवड्याच्या सड्यावर पोचलो, तेव्हा आत्याच्या घराचं नुसतं जोतं उरलं होतं. कडेला जांभ्याचे दोन दगड. त्यांना गुंडाळलेली तार गंजून दगडातच रुतलेली. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून मिरगाच्या आधी ती असे दगड पत्र्यावरून दोन्ही अंगांना लोंबते सोडायची.

त्या वाऱ्यात जन्म गेल्यामुळे आत्या ओरडूनच बोलायची. 'चहा घे' हेसुद्धा भांडल्यासारखं. साताऱ्यात आमच्याकडे आली की शेजारी दारात यायचे आणि मला शरम वाटायची.

नव्वदचं दशक सरता सरता तोच वारा मोलाचा ठरला. पवनचक्कीची किंमत पहिल्याच वर्षी घसाऱ्यात दाखवून कर वाचवता यायचा. त्यामुळे ज्यांनी हा सडा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्यांचीही मशिनं इथं उभी राहिली. एजंट म्हणाला, "नुसता कातळ, काय पिकतंय त्यात?" भादव्यात त्याच कातळावर सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात, पण सातबाऱ्यावर त्यांची नोंद नसते. पुढे 2003च्या दुष्काळात लोक म्हणायचे, पंख्यांनी ढग पळवले. मला ते पटलं नाही. पावसाळ्यात इथं ढग पायांत लोळतात. राग मात्र खोटा नव्हता.

खरेदीखताच्या दिवशी पाटणच्या कचेरीत आम्ही दुपारभर बाकावर बसून होतो. आत्या ट्रंकेतलं लुगडं नेसून आलेली. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. तिनं शिपायाकडे पाणी मागितलं, तशी सगळी कचेरी मान वळवून बघायला लागली.

"हळू बोल, आत्या," मी म्हणालो.

ती गप्पच झाली. अंगठ्याची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून बसली. मग माझ्या कानाशी वाकली आणि इतक्या बारीक आवाजात, की तो तिचा वाटेना, म्हणाली, "रातचं तरी थांबत्यात का रं ती?"

"थांबतात," मी सांगून टाकलं.

सड्यावर वाऱ्याचा खरा जोर जून ते सप्टेंबर. वर्षाची बरीचशी वीज तेव्हाच होते, आणि आषाढात मशिनं दिवसरात्र फिरतात. आत्याच्या घरापासून मशीन हाकेच्या अंतरावर होतं. तिच्या हाकेच्या, माझ्या नव्हे. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून पहिली सही माझी आहे.