कुंडीतलं डीबगिंग

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते. प्रोग्राम बोंबलला की आधी लॉग बघायचा, मगच कोडला हात लावायचा. घरच्या झाडांच्या बाबतीत मात्र आपण भलतेच उतावळे. पान वाकडं दिसलं की मार औषध, फूल गळलं की घाल खत!

बाबा गेल्यावर आई गावचं घर बंद करून पुण्याला आमच्याकडे आली. चौथ्या मजल्यावरची बाल्कनी हेच आता तिचं शेत. त्यामुळे मिरचीची पानं आकसली तेव्हा प्रश्न नुसता मिरचीचा नव्हता. "बोकड्या पडलाय. इथं काही यायचं नाही बघ," म्हणाली आणि दोन दिवस बाल्कनीत फिरकलीच नाही. तिच्या त्या 'इथं'नं माझी झोप उडाली.

शेजारचे काका कीटकनाशकाची बाटली घेऊन आले. पण मिरचीला लागूनच कोथिंबीर, रोज ताटात येणारी! म्हटलं, आधी लॉग बघू. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी. आमची वर वळलेली. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला, तर बारीक पिवळट किडे चालायला लागले. सापडला बग! फार चुरडलेले शेंडे खुडले. कोथिंबिरीची कुंडी लांब ठेवली. एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून, दर आठवड्याला संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारलं. जुनी पानं सरळ होत नाहीत, नवी बघायची. तिसऱ्या आठवड्यात ती सरळ आली. परवा आई सोसायटीतल्या दोघींना कागदावर शेंडा झटकून दाखवत होती. "आमच्या इथं असंच करतो," म्हणे!

बाकीच्या तक्रारींचंही असंच. टोमॅटो बुडाशी काळा पडतो, तो सहसा संसर्ग नसतोच. पाणी कधी बदाबदा, कधी दोन दिवस नाहीच, म्हणून कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित द्या, मातीवर पालापाचोळा पसरा. काळं झालेलं फळ सुधारणार नाही, पुढची सुधारतील. एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या वर गेला की टोमॅटोची फुलं गळतात. तिथे खताचा उपयोग नाही. दुपारची सावली द्या आणि धीर धरा. दुधीला सुरुवातीला नर फुलंच येतात. ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो ते मादी. ही फुलं संध्याकाळी उमलतात. उंच मजल्यावर परागीभवन करणारे कीटक कमीच येतात, तेव्हा नर फूल तोडून त्याचे पराग हातानेच मादीला लावा. आणि पिठ्या ढेकूण जात नसेल तर मुंग्यांकडे बघा. त्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्याच त्याला सांभाळतात.

असो. या शनिवारी औषधाच्या दुकानाकडे वळण्याआधी एक भिंग घ्या आणि पान उलटं करून बघा.