माळकरी बाईची खानावळ

आमची आई माळकरी होती आणि तिच्या हातच्या मटणाला लालबाग-परळात नाव होतं. आज तिच्या माघारी नातेवाईक तिला ‘देवभोळी’ म्हणतात, तेव्हा मला राहवत नाही. भोळेपणा तिच्या अंगात औषधालाही नव्हता. तिचा विठ्ठल ती पुरता ओळखून होती, आणि त्याच्या नावावर कुणी काही खपवायला आलं तर खपवून घेत नव्हती.

ती सातारा जिल्ह्यातली. आजोबांबरोबर पायी पंढरीला जाता-जाता लहानपणीच तिच्या गळ्यात तुळशीची माळ पडली. लग्न होऊन परळच्या चाळीत आली ती दहा बाय बाराच्या खोलीत. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, लाल बावट्याचे कट्टर माणूस. देव मानत नव्हते. पण आईला अक्षरओळख नव्हती आणि बाबांचं वाचन स्वच्छ होतं, म्हणून रात्री जेवणं उरकली की तेच तिला तुकोबांची गाथा वाचून दाखवत. सरकारनं १९७३ साली स्वस्तात काढलेली ती जाडजूड प्रत. एखाद्या अभंगाशी बाबा थांबायचे आणि म्हणायचे, “हा माणूस आपल्या युनियनमध्ये पाहिजे होता.” आई म्हणायची, “फुडं वाचा.”

एका पगारात भागेना म्हणून तिनं खानावळ सुरू केली. गिरणगावात तेव्हा अशा खानावळी गल्लोगल्ली होत्या. गावाकडून आलेली माणसं बायका-मुलांना मागं ठेवून यायची. एकेका गाळ्यात वीस-पंचवीस जण, तीन पाळ्यांत आलटून-पालटून झोपायचे. गाळ्याच्या भिंतीला ज्याची त्याची पत्र्याची पेटी, खुंटीला ज्याचे त्याचे कपडे. जेवण मात्र खानावळवालीकडं, महिन्याच्या बोलीवर. आमच्याकडं आमच्या पंचक्रोशीतले पंचवीस-तीस मेंबर होते. पहिली पाळी सातची, म्हणून आई पहाटे चारला पीठ मळायला बसायची. परातीतलं पीठ तळव्याच्या टाचेनं रगडायचं, गोळा दोन्ही हातांत फिरवायचा, थापून तव्यावर टाकायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि ती भाजेपर्यंत दुसरी थापून तयार. तोंडानं हरिपाठ चाललेला. भाकरी उलटायची वेळ तिला अभंगाच्या चरणावरून कळायची. घड्याळ बघताना मी तिला कधी पाहिलं नाही.

बुधवारी आणि रविवारी मटण, मधल्या वारांना सुकट-बोंबील. मसाला वर्षाचा, लालबागच्या मिरची गल्लीतून. एप्रिल लागला की ब्याडगी, संकेश्वरी, धणे, दगडफूल, त्रिफळं असं सगळं निवडून, उन्हात कडकडीत वाळवून डंक्यावर कुटून आणायची. त्या दिवशी आमची अख्खी चाळ शिंकायची. रस्सा तिच्या अंदाजानं व्हायचा, पण चव बघायला तिला तोंडात थेंब घालता येत नव्हता. मग हाक यायची, “मीठ बघ गं जरा.” मी पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाटायची आणि सांगायची. माझी शाळा, माझा अभ्यास, परीक्षा काहीही असो, दोन वेळा ती हाक यायचीच. तिच्या हाताला आणि मेंबरांच्या जिभेला जोडणारी मी होते, ह्याचा मला तेव्हाही मोठा अभिमान होता. तिच्यासाठी पिठलं नाहीतर आमटी वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीनं, कोपऱ्यातल्या वातीच्या स्टोव्हवर.

शेजारच्या एका म्हातारीनं एकदा तिला गॅलरीत सगळ्यांदेखत विचारलं, “गळ्यात माळ घालून मटान कसं शिजवतीस गं?” आई कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “दमून आल्यालं माणूस हाय. त्याच्या ताटात काय पडावं हे माझ्या माळंनं कशाला ठरवायचं?” आणि पुढचा कपडा झटकला. एवढंच. ह्याच्यावर तिनं कधी प्रवचन दिलं नाही. पण मला पुढं वारकरी संप्रदायाबद्दल जे काही वाचायला मिळालं, त्यात ह्या वाक्याइतकं स्वच्छ काही सापडलं नाही असं मी आजही म्हणते.

एकादशीला ती निर्जळी करायची. म्हणजे स्वतः पाण्याचा थेंब न घेता चुलीसमोर बसून तीस माणसांच्या भाकऱ्या. बाबा चिडायचे. ती ऐकून घ्यायची आणि थापत राहायची.

पण श्रद्धेनं किराणा येत नाही. मेंबर पगार झाल्यावर पैसे देणार, वाण्याला रोख पाहिजे. मधल्या दिवसांसाठी सावकार होता, आणि त्याचं व्याज असं की खानावळवाल्या बायका आयुष्यभर त्याच्यासाठीच राबायच्या. बाबांनी एक दिवस आईला प्रेमाताई पुरव ह्यांच्या सभेला नेलं. गोवामुक्तीच्या लढ्यात पायात गोळी लागलेली ही बाई, पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे नेते. प्रेमाताईंनी १९७५ साली ह्याच वस्तीतल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायकांनी एकमेकींना जामीन राहायचं आणि बँकेनं कर्ज द्यायचं, अशी ती रीत. आईनं अंगठा उठवला. ज्या बाईनं माळेवर सवाल केला होता तिच्या सुनेला आईच जामीन राहिली, हे मला फार उशिरा कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार. पहिले दोन-तीन महिने पंगती भरलेल्या होत्या, उत्साहही होता. मग मेंबर एकेक करून गावी जाऊ लागले. जे राहिले ते आमच्या वहीत राहिले. वही मी लिहायचे. आई रोज रात्री विचारायची, “आज किती जण जेवले?” किती रुपये झाले हे तिनं कधी विचारलं नाही. मटण बंद झालं, मग बोंबील, मग डाळही पातळ झाली. तिची पोत गहाण पडली. त्या आषाढीला ती दरसालाप्रमाणं पहाटे चालत वडाळ्याला गेली, भोईवाडा, नायगाव करत कात्रक रोडच्या विठ्ठलमंदिरात. पंढरीला जाणं परवडत नाही त्या मुंबईकरांची ती पंढरी. बरोबर मी होते. लांबलचक रांग, पाऊस, सगळे गिरणीवालेच. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “संपाचं काही मागितलंस का नाही?” त्या आवाजात चेष्टा नव्हती. थकलेला माणूस होता.

आई म्हणाली, “मागायला जात्यात व्हय त्याच्याकडं? भेटायला जात्यात.”

संप मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. बाबांना पुन्हा कामावर घेतलं नाही. वहीतले काही पैसे आले, काही ज्वारीच्या रूपानं एसटीच्या टपावरून आले, बरेच आले नाहीत. वही तिनं जपूनही ठेवली नाही आणि फाडलीही नाही. कधीतरी रद्दीत गेली.

ती आजी झाली तेव्हा खानावळ संपली होती. मी फोर्टात नोकरीला, म्हणून माझी लेक तिच्याच जवळ वाढली. गॅलरीत टाळाच्या ठेक्यावर पावली शिकली, दिवेलागणीला हरिपाठ पाठ झाला, आणि बाबांच्या पश्चात गाथा वाचून दाखवायचं काम तिच्याकडं आलं. दोघींचे वाद मी ऐकत असे. लेकीनं एकदा विचारलं, “आजी, देव आहे हे तुला कशावरून?” आजी म्हणाली, “तू वाच. मला झोप येतीया.” मला वाटतं, तिला खरोखरच झोप येत होती.

चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो. तिथून टाटा रुग्णालय दिसतं, आणि खाली अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या फुटपाथवर देशभरातून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक प्लास्टिक अंथरून राहतात तेही दिसतं. ऐंशीच्या घरातली आई लिफ्टला घाबरायची, पण बारा वाजता दोन डबे घेऊन खाली उतरायची. किरणोपचारानं तोंड सोललेलं असतं, तिखट-मीठ झोंबतं, हे तिनं फुटपाथवरच विचारून घेतलं होतं. मऊ भात, गाळलेलं वरण, ताक. खानदेशातली एक बाई मुलाला घेऊन आली होती. पोराला रोज दोन अंडी द्या म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरात अंडी आली. आई ती स्वतः उकडायची, सोलायची, मग हात धुऊन माळेला हात लावून नमस्कार करायची. लेकीनं “मी सोलते ना” म्हटलं तर, “तुला टरफलासकट पांढरं काढायची खोड हाय,” म्हणून हाकलायची.

ती गेली ती श्रावणात, दोन दिवसांच्या तापानं. माळ तिच्याबरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडची माणसं जमली होती. सुतक होतं. आपल्या घरची चूल पेटायची नाही, आपल्या हातचं कुणी घ्यायचं नाही, असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आणि ते काही वाईट बुद्धीनं सांगितलं नव्हतं. लेक कोपऱ्यात फोन घेऊन उभी होती. ती त्या खानदेशातल्या बाईशी बोलत होती. आजी गेली, घरात सुतक आहे, डबा शेजारणीकडून करून आणू का, असं विचारत होती. फोन स्पीकरवर नव्हता, तरी त्या बाईचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

“आमले कसलं सुतक, ताई? त्या मायचं घर शे. तुमीच करा.”

मोठ्या काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही. ते उठले, बायकांना वाट मोकळी करून द्या म्हणाले, आणि लेक स्वयंपाकघरात जाऊन अंडी उकडायला ठेवायला लागली.