शून्य, स्वल्पविराम आणि बाहेरची लाइन

अमेरिकेतील एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडण्याची ही पद्धत तोवर चालू होती याचेच अनेकांना नवल वाटले. या लेखकाला मात्र त्या बातमीने एका कचेरीतील एकुलत्या एका मोडेमची आणि टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या अंध ऑपरेटरची आठवण करून दिली.

मोडेम म्हणजे संगणकातील अंकांचे तारेवरून जाऊ शकतील अशा स्वरांत, आणि आलेल्या स्वरांचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारे यंत्र. ते एका संगणकाला जोडून बाकीच्यांनी कचेरीच्या अंतर्गत जाळ्यातून त्याच संगणकामार्फत बाहेर पडायचे, ही सामायिक मोडेमची रीत. कचेरीच्या टेलिफोन बोर्डातून बाहेरची लाइन घेण्यासाठी आधी शून्य फिरवावे लागे, म्हणून मोडेमला द्यायच्या आदेशात शून्यानंतर एक स्वल्पविराम घालत. हेज कंपनीने १९८१ साली रूढ केलेल्या आदेशपद्धतीत त्या चिन्हापाशी यंत्र दोन सेकंद थांबते, आणि तेवढ्यात एक्सचेंजचा डायलटोन येतो. स्वल्पविराम राहिला तर पुढचे आकडे वाया जात.

जोडणी होताना पलीकडचा मोडेम २१०० हर्ट्झचा एक लांब स्वर काढतो, ज्यामुळे माणसांच्या संभाषणासाठी तारेवर बसवलेली प्रतिध्वनी दाबणारी यंत्रे बाजूला होतात, आणि मग वेगाची बोलणी सुरू होतात. या बोलणीच्या खरखरीवरून आजची लाइन टिकेल की तुटेल हे तो ऑपरेटर जागेवरूनच सांगे, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

मुंबईत एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्यात ईमेलची देवघेव १९८६-८७च्या सुमारास अशाच डायल-अप जोडणीवरून सुरू झाली होती. विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. हा इतिहास संस्थांच्या नावे नोंदला गेला आहे, बोर्डावरच्या माणसांच्या नावे नाही.

पुढे मागणीनुसार आपोआप नंबर फिरवणारी व्यवस्था आली. कोणत्याही संगणकाने बाहेरचे काही मागितले की मोडेम लाइन धरी, आणि काही काळ वापर झाला नाही की सोडून देई. सोय मोठी होती, पण विंडोज संगणक शेजारच्या यंत्रांची नावे शोधताना बाहेरही विचारणा पाठवीत, आणि कचेरीत कोणी नसतानाही कॉल लागत राहत. बिल फुगले, तेव्हा पहिली विचारणा ऑपरेटरकडे झाली. खरे कारण कळल्यावरही त्याच्याकडे कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही. उलट आवाजाचा त्रास होतो म्हणून मोडेमचा स्पीकर बंद करण्यात आला, आणि बिघाड ओळखण्याचे सर्वांत भरवशाचे साधन गेले. हा निर्णय या लेखकाला आजही खुपतो.

सरकारी आणि बँकांच्या कचेऱ्यांत टेलिफोन ऑपरेटरच्या जागांवर दृष्टिहीन माणसे मोठ्या संख्येने नेमली जात. थेट डायलिंग आणि ध्वनिमुद्रित स्वागत आल्यावर ते काम आटत गेले. ज्या माणसाला कानाने लाइनचा स्वभाव कळत होता, त्याच्या हाती मोडेमची देखभाल द्यावी, असे त्या कचेरीत कोणाच्याही मनात आले नाही. ते काम संगणक विभागाचे ठरले, आणि तो विभाग दुसऱ्या मजल्यावर होता.