सहा दिवसांचा उशीर

निवास परवान्याचा अर्ज करायला मला सहा दिवस उशीर झाला. २७ डिसेंबर २०२३ ला माझा जर्मनीचा व्हिसा संपला आणि २ जानेवारी २०२४ ला मी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पोचले. या सहा दिवसांबद्दल घरी मी वर्षभर काही बोलले नाही. आता कऱ्हाड-साताऱ्याकडची ओळखीतली मुलं दरवर्षी जर्मनीला निघतात, फोन करून शंका विचारतात, आणि मी त्यांना सल्ले देते. सल्ले द्यायचे आणि आपलं काय चुकलं ते झाकून ठेवायचं, हे मनाला पटत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

जायच्या आधीचं वर्ष सगळं व्हिसा मिळवण्यात गेलं. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं होतं. आपल्या पदवीची आणि गुणपत्रिकांची तपासणी करून ते मिळतं. त्याची फी अठरा हजार रुपये. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे श्पेअरकोंटो. एका वर्षाच्या खर्चाचे ११,२०८ युरो आधीच तिथे भरून ठेवायचे आणि पोचल्यावर त्यातून महिन्याला ९३४ युरोच मिळायचे. त्या वेळी ते साधारण दहा लाख रुपये होत होते. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. घर तारण ठेवून त्यांनी शैक्षणिक कर्ज काढलं. पासपोर्ट व्हिसा चिकटवून परत आला, तेव्हा आईने तो देवापुढे ठेवला आणि शेजारी पेढे वाटले. घरात सगळ्यांना वाटलं, मोठं काम पार पडलं. मलाही तसंच वाटलं.

त्या स्टिकरवर मुदत स्वच्छ छापलेली होती: तीन महिने. ती मी वाचली होती. पण प्रवेश दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे, तेव्हा पुढचं आपोआप होत असेल, असं मी गृहीत धरलं. तो व्हिसा देशात शिरण्यासाठी असतो. शिकण्यासाठी राहायचं तर मुदत संपायच्या आत निवास परवान्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. हे मी कुणालाही विचारलं नाही आणि कुठे नीट वाचलंही नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस पोचले, तेव्हा राहायला जागा नव्हती. एका भारतीय विद्यार्थ्याने त्याची खोली दोन महिन्यांसाठी मला दिली. तो म्हणाला, ‘या पत्त्यावर नोंदणी मात्र होणार नाही.’ मी म्हटलं, चालेल. चालणार नव्हतं. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. हा एक कागद नसला की पुढचं सगळं अडतं. माझं बँकेचं खातं उघडायला उशीर झाला. खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे सुटेनात. दहा लाख भरलेले असताना मी ऑक्टोबरमध्ये मैत्रिणीकडून उसने पैसे घेऊन ब्रेड आणि बटाटे आणत होते. शिवाय निवास परवाना कुठल्या कार्यालयातून मिळणार, तेही तुमच्या नोंदलेल्या पत्त्यावरूनच ठरतं.

नोव्हेंबरच्या शेवटी विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली. दोन दिवसांत पत्ता नोंदवला आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला ईमेल केला: ‘माझा व्हिसा डिसेंबरमध्ये संपतो आहे, मला अपॉइंटमेंट कधी मिळेल?’ आणि उत्तराची वाट पाहत बसले.

वसतिगृहाच्या दाराशी भिंतीला पत्रपेट्यांची रांग होती. राखाडी रंगाच्या लोखंडी पेट्या, प्रत्येकीवर बोटभर लांबीची पट्टी आणि पट्टीवर आडनाव. माझ्या पेटीवर आधीच्या मुलाचं आडनाव होतं. किल्ली मिळाली, पेटी उघडली, रिकामी होती, बंद केली. पट्टी बदलायचं मनात आलं नाही. आमच्या गावात पाकिटावर नुसतं अण्णांचं नाव आणि ‘शाळेजवळ’ एवढं लिहिलं तरी पत्र घरी येतं. पोस्टमन माणसाला ओळखतो. जर्मनीत पेटीवर नाव नसेल तर त्या पत्त्यावर ते माणूस राहत नाही, असं धरून पत्र परत जातं. कार्यालयाने मला पत्र पाठवलं होतं. त्यात अर्जाचा फॉर्म होता आणि लागणाऱ्या कागदांची यादी होती. ते परत गेलं.

डिसेंबरमध्ये मी अस्वस्थ झाले, पण कार्यालयात गेले नाही. विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या मदतकक्षातही गेले नाही. माझं जर्मन कच्चं होतं आणि तिथे काही मूर्खासारखं बोलू, याची लाज वाटत होती. मी विचारलं ते पुण्याच्या कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप गटावर. नेदरलँड्सला गेलेली मैत्रीण म्हणाली, ‘अगं, आमचं तर सगळं युनिव्हर्सिटीच करते, तुझंही करतील.’ फ्रान्सला गेलेला मित्र म्हणाला, पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा, की झालं. इटलीतल्या मित्राला मात्र पोचल्यावर आठ कामकाजी दिवसांच्या आत पोस्टात जाऊन अर्ज करावा लागला होता. तिघंही आपापल्या देशाबद्दल बरोबरच बोलत होते. शेंगेन देशांमध्ये सरहद्दीवर सहसा कुणी पासपोर्ट मागत नाही, म्हणून नियमही सगळीकडे सारखेच असतील, असं मला वाटलं. दीर्घ मुदतीच्या परवान्याचे नियम मात्र प्रत्येक देशाचे वेगळे असतात. जर्मनीतलाच एक सीनियर म्हणाला, ‘टेन्शन घेऊ नकोस, मध्ये एक तात्पुरता कागद मिळतोच.’ मला हेच ऐकायचं होतं, म्हणून मी तेवढंच ऐकलं. तो कागद मुदतीत अर्ज करणाऱ्याला मिळतो, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नाताळात कार्यालय बंद होतं. २७ तारीख गेली. आणखी एक गोष्ट लिहिली नाही तर हे कथन खोटं ठरेल. मी एका बेकरीत काम करत होते. २८ आणि ३० डिसेंबरला, व्हिसा संपलेला असताना, मी दोन्ही दिवस कामावर गेले. मालकीणबाईंना माझी मुदत संपल्याचं सांगितलं नाही. पकडले गेले असते तर माझ्याबरोबर त्याही अडचणीत आल्या असत्या. त्या मला रोज संध्याकाळी उरलेला पाव घरी न्यायला देत. हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

२ जानेवारीला सकाळी साडेसहाला, अंधारात, कार्यालयाबाहेर रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट उघडला, तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. मी माझा ईमेल दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि सावकाश, मला कळेल अशा जर्मनमध्ये म्हणाल्या, ‘अपॉइंटमेंट कधी मिळेल, एवढंच तुम्ही विचारलंत. अर्ज कुठे आहे?’ मग त्यांनी माझी फाइल काढली. तिच्यात ते परत आलेलं पाकीट होतं, न उघडलेलं. वर माझं नाव, वसतिगृहाचा पत्ता, खोलीचा क्रमांक, सगळं बरोबर. त्या पाकिटाकडे पाहताना मला रडू आलं. दोष द्यायला समोर कुणीच नव्हतं.

कायदा काय आहे, ते मला त्या दिवशी कळलं. जर्मनीच्या निवास कायद्याच्या ८१ व्या कलमाप्रमाणे मुदत संपण्याआधी अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं मानलं जातं. कार्यालयाने भेटीची तारीख तीन महिन्यांनी दिली तरी हरकत नसते, अर्ज वेळेत पोचलेला असला की झालं. उशिरा अर्ज केला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. मात्र अवाजवी अडचण टळावी म्हणून अधिकारी ते देऊ शकतात, अशी तरतूद त्याच कलमात आहे. बाईंनी माझा प्रवेश, विमा आणि ब्लॉक्ड अकाउंट तपासलं, वरिष्ठांशी बोलल्या आणि त्या तरतुदीखाली मला तात्पुरता कागद दिला. त्याला फिक्शन्सबेशाइनिगुंग म्हणतात. त्याचे १३ युरो, पुढे निवास परवान्याच्या कार्डाचे १०० युरो. फेब्रुवारीत कार्ड आलं, एका वर्षाचं. त्यांनी नकार दिला असता तर तो बेकायदा ठरला नसता. माझं शिक्षण त्या सकाळी एका अनोळखी बाईंच्या समजूतदारपणावर टिकलं.

यातून मी शहाणी झाले असं म्हणायला हवं, पण तसं झालं नाही. कार्डाबरोबर एक हिरवा कागद मिळतो. त्यावर कामाची मर्यादा लिहिलेली असते: तेव्हा वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस. बेकरीतली पाळी पाच तासांची होती आणि मी ती अर्धा दिवस धरत होते. नियमाप्रमाणे अर्धा दिवस चार तासांपर्यंतच असतो. वर्षअखेरीस वही घेऊन मोजलं, तर पूर्ण दिवस १३१ भरले. मार्च २०२४ पासून ही मर्यादा १४० पूर्ण दिवसांवर गेली होती, म्हणून मी वाचले. नियम बदलल्याचं मला मोजताना कळलं.

सगळ्यात मोठी चूक पैशांची होती. पहिल्या वर्षाचे पैसे दाखवले, आता दुसऱ्या वर्षी पगारावर भागेल, असं मी धरून चालले होते. परवाना वाढवायचा तर पुढच्या वर्षाच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम महिन्याला ९९२, वर्षाला ११,९०४ युरो झाली होती. माझा पगार तिथवर पोचत नव्हता. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं. घरी सांगायला जानेवारी उजाडला.

‘अण्णा, पैसे लागतील. पुन्हा तेवढेच.’

पलीकडे काही वेळ आवाज नव्हता. मग ते म्हणाले, ‘कधीपर्यंत?’

‘तीन आठवड्यांत.’

‘आणि तुला कळलं कधी?’

मी खरं सांगितलं. ऑक्टोबरमधलं सांगितलं आणि मग आदल्या डिसेंबरमधलंही सांगितलं. अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पोरी, वर्गात ज्या मुलाला येत नाही तो विचारत नाही, हे मी तीस वर्षं पाहिलं. माझ्या घरात तसं होईल असं वाटलं नव्हतं.’ त्यांच्या निवृत्तीच्या पैशांची ठेव एप्रिलमध्ये पुरी होणार होती. ती त्यांनी जानेवारीतच मोडली आणि व्याजावर पाणी सोडलं. मी ऑक्टोबरमध्ये सांगितलं असतं, तर त्यांनी काही वेगळी सोय केली असती. ती रक्कम मी आता फेडते आहे. पण तीन महिने मी त्यांना विश्वासात घेतलं नाही, हे कशानेही फिटणारं नाही.

आता माझा प्रबंध पूर्ण झाला आहे. पदवीनंतर जर्मनीत नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. त्याचा अर्ज मी जुन्या कार्डाची मुदत संपायच्या नऊ आठवडे आधी केला. अर्जाची आणि पोच मिळाल्याच्या ईमेलची प्रत अण्णांना पाठवली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्यांनी ती तारीख लाल पेनाने लिहून ठेवली आहे.

या हिवाळ्यात निघणाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नोंदणी होणार नसेल अशी खोली घेऊ नका. पोचल्या दिवशी पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवा. व्हिसा संपायच्या किमान आठ आठवडे आधी लेखी अर्ज करा. त्यात ‘शिक्षणासाठी निवास परवाना मिळावा असा अर्ज करते’ किंवा ‘करतो’ हे स्पष्ट लिहा, पासपोर्टची प्रत जोडा आणि पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा. तात्पुरत्या कागदावर भारतात यायचं असेल, तर त्याच्यावर कुठल्या चौकोनात खूण आहे ते आधी कार्यालयाला विचारा. एका प्रकारात परत येता येतं, दुसऱ्यात येत नाही. कामाचे दिवस वहीत लिहा. दुसऱ्या वर्षाच्या पैशांचं बोलणं पहिल्याच वर्षी घरी काढा. आणि अडलं तर लाजू नका. विद्यापीठाचा मदतकक्ष आणि विद्यार्थी संघटनेची सल्लासेवा आपल्यासारख्यांसाठीच असते. मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळायला वीस मिनिटं लागली होती.