मथुरा खटल्याचा तास

सत्र न्यायालयातली सरकारी वकिली सोडून मी विधी महाविद्यालयात शिकवायला लागले, तेव्हा बाररूममधले सहकारी हळहळले. त्यांच्या मते मी लढाई सोडली होती. मला तसं कधीच वाटलं नाही, याचं कारण मथुरा खटला.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचं हे प्रकरण. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती, असा निष्कर्ष निघाला. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं पीडितेनं साक्षीत सांगितलं, तर न्यायालयानं तेच गृहीत धरायचं, हे तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम ११४-अ त्यातून आलं. शिकवणाऱ्या माणसांचं हे काम आहे.

मथुरा खटल्याचा तास मी निकालपत्रापासून सुरू करत नाही. आधी उलटतपास करून घेते. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न एका विद्यार्थ्यानं विचारायचा, दुसरीनं साक्षीदाराच्या जागी उभं राहून उत्तर द्यायचं. वर्ग गप्प होतो. साक्षीच्या पिंजऱ्यात हा प्रश्न ऐकून खाली मान घातलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पुस्तकातल्या कलमाला तो चेहरा नसतो. मग आम्ही कागद काढतो: फिर्याद, पंचनामा, वैद्यकीय दाखला. कुठे काय सुटलं, ते मुलं स्वतः शोधतात. आरोपीच्या बाजूचं काही सापडलं तर तेही न्यायालयापुढे ठेवायचं, हे मी आवर्जून सांगते. सरकारी वकील पोलिसांचा वकील नसतो. काहीही करून शिक्षा मिळवणं हे त्याचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही १९९९ मध्ये शिवकुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

असे सरकारी वकील याच वर्गांतून घडायला हवेत. सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सहायक सरकारी वकील, या पदाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. जाहिरात आली की मी ती वर्गात मोठ्यानं वाचते. तुमच्या घरात कायदा शिकलेली मुलगी असेल, तर तिला या पदाचा अर्ज भरायला सांगा.