रात्री जो उठतो, त्याचे आधी ऐकावे

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, जावई संगणकक्षेत्रात आहेत. रात्री उशिरापर्यंत फोनवर चाललेला त्यांचा वाद कानी आला, की आपण म्हणतो, "साहेबांशी कशाला वाकडे घ्यावे?" माझी कन्या पुण्यात प्रोग्रामर आहे. तिच्यामुळे मला उमगले, की हा वाद बहुधा मानापमानाचा नसतो.

व्यवस्थापकाने ग्राहकाला तारीख दिलेली असते. ती पाळणे हे त्याचे कर्तव्य. घाईत उरकलेले काम पुढे बिघडेल, हे प्रोग्रामरला दिसत असते. मध्यरात्री उठून ते दुरुस्त करणे त्याच्याच वाट्याला येते. आपापल्या जागी दोघेही खरे असतात.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९६०च्या दशकात आयबीएम कंपनीत 'ओएस/३६०' या विशाल संगणकप्रणालीच्या कामाचे नेतृत्व केले. १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्यांनी अनुभव मांडला, की रखडलेल्या कामावर नवी माणसे नेमल्यास ते अधिकच रखडते. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय ४ जणांत परस्परसंवादाच्या ६ जोड्या होतात, तर ८ जणांत २८. हे सांगणारे ब्रूक्स स्वतः व्यवस्थापक होते, हे विशेष.

तरीही माझ्या कन्येच्या गटाने मुदत मागितली, तेव्हा मिळाली ती ४ नवी माणसे. पुढे काही महिने तिची झोप उडाली, जेवणाच्या वेळा चुकल्या, पित्त बळावले. नकार मिळाल्यापेक्षा, आपले कारण कोणी ऐकूनच घेतले नाही, याची खंत तिला अधिक होती.

असाच प्रसंग घरातही येतो. माझ्या पतींना पक्षाघात झाल्यावर रात्रपाळीच्या बाई बंद कराव्यात, असे परगावी असलेल्या मुलाने सुचवले. खर्चाचा भार तो उचलत होता. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मात्र शय्याव्रण होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. सत्तरीत ते मला एकटीला कसे झेपावे? तेव्हा कन्येनेच तोडगा काढला. रात्री जो उठतो, त्याचे म्हणणे आधी वहीत लिहावे. निर्णय घेणाऱ्याने त्याखाली कारणासह उत्तर लिहावे. मग बदल करावा. बाई राहिल्या, दुपारच्या मदतीत काटकसर झाली. मुलगा दुखावला नाही, मीही नाही.

आपल्या घरीही अशी वही ठेवून पाहावी. आणि मुलगा वा सून कामावरून त्रासून आली, तर सल्ला देण्याची घाई नको. "तुझे म्हणणे काय होते?" एवढेच विचारावे आणि सांगून होईपर्यंत शांतपणे ऐकावे.