चंद्ररात आणि उघडं कवाड

शबे-बरातला कब्रस्तानातून परतताना शाबानचा पूर्ण चंद्र डोक्यावर होता. खराडीच्या टॉवरांच्या दिव्यांत तो फिकाच वाटत होता. मुलानं विचारलं, “अब्बू, पौर्णिमेला लांडगे चंद्राकडे बघून रडतात ना?” सिनेमात पाहिलेलं.

“नाही रे. ते एकमेकांना हाका मारतात. त्याला पौर्णिमा लागत नाही.”

उलट जास्त जपायचं ते अंधाऱ्या रात्रींना. लख्ख चांदण्यात ससे आणि उंदीर उघड्यावर यायला कचरतात आणि दबा धरणारं जनावरही लांबून दिसतं. टांझानियात सिंहांचे माणसांवरचे हल्ले पौर्णिमेनंतरच्या दिवसांत वाढलेले आढळले, कारण तेव्हा चंद्र उशिरा उगवतो आणि संध्याकाळ काळोखी जाते. लांडगा, कोल्हा नाकाकानानंही शिकार काढतात, त्यामुळे त्यांचं गणित एवढं सरळ नाही. पण अंधार त्यांना आडोसा देतो, हे मी दहाव्या वर्षी शिकलो.

आमचं गाव बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला. मयूरेश्वर अभयारण्य तिकडचंच. माळावर धनगरांच्या मेंढ्या आणि त्यांच्या मागावर लांडगे. अब्बांनी बकरी ईदसाठी एक बोकड वर्षभर सांभाळला होता. संध्याकाळी गोठ्याचं कवाड लावायचं काम माझं.

त्या दिवशी मगरिबनंतर सगळे जिल्हजचा चंद्र बघायला बाहेर आले. बारीक कोर आधी मला दिसली. “चाँद दिख्या!” म्हणून मी गल्लीभर ओरडत पळालो आणि कवाड राहिलं. पहिल्या दिवसाची कोर तास-दीड तासात मावळते, मग रात्रभर काळोख. सकाळी खुंट्याला तुटलेली दोरी होती आणि मातीत पंजे.

अब्बा बराच वेळ त्या पंज्यांकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, “उसका बी रिजक था. पर बेटा, चाँद देखना सवाब है, तो कवाड लगाना बी सवाब है.” गावात मात्र त्यांनी सांगितलं, दोरी कच्ची होती.

कुर्बानी ऐपत असेल त्यालाच. त्या वर्षी आमची झाली नाही. शेजाऱ्यांकडून वाटा आला. अम्मीनं शिजवला, मला घास गिळवेना.

आज लांडगा कायद्यानं पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे, पण त्याचे माळ प्लॉट पाडून विकले जातायत. खराडीत अमावस्या कधी आली ते कळतही नाही. चंद्र दिसल्याचं मोबाईल सांगतो.

मुलगा घरापर्यंत गप्प होता. लिफ्टमध्ये म्हणाला, “दादाजींनी तुमचं नाव कुणालाच सांगितलं नाही?”

“नाही. तूच पहिला.”

घरात शिरल्यावर त्यानं दाराची कडी लावली आणि एकदा ओढून बघितली.